‘सगळ्यात वाईट दिवशी कितीक जाईन?’

ताई, नमस्कार.

मी कारंजा लाड तालुक्यातल्या एका गावात कृषी सेवा केंद्र चालवतो. वय ३२. अकरा महिन्यांपासून निफ्टीचे वीकली ऑप्शन, म्हणजे या निर्देशांकावरचे आठवड्यात संपणारे करार, विकतो. बाजारापासून साधारण चार टक्के खालचा पुट (निफ्टी त्याखाली गेला तर फरक मी भरायचा) आणि तेवढाच वरचा कॉल (त्यावर गेला तर मी भरायचा), दोन्हीकडे सहा-सहा लॉट, ७५ नगांचा लॉट (२०२५ मधला). पुटचे १२ आणि कॉलचे १० रुपये मिळतात. मंगळवारी एक्सपायरीला, म्हणजे करार संपताना, दोन्ही शून्य झाले की आठवड्याचे नऊ-दहा हजार सुटतात. मधले काही आठवडे खराब गेले, तरी नऊ लाखांवर साडेतीन लाख कमावले. त्यातून दुकानाचं शेड वाढवलं, खात्यात पुन्हा नऊ लाखच ठेवले.

अमरावतीच्या मित्रानं माझ्या रोजच्या नफा-तोट्यावरून एक्सेलमध्ये हिशोब लावून दिला. त्यात ‘९९ टक्के व्हॅर ३८,००० रुपये’ असं येतं. म्हणजे एका दिवसात जास्तीत जास्त अडतीस हजार जाऊ शकतात. समृद्धी महामार्गात आमची जमीन गेली, त्या मोबदल्यातले बावीस लाख बाबांच्या नावे एफडीत आहेत. त्यावर ओव्हरड्राफ्ट काढून लॉट दुप्पट करावेत, असा विचार आहे. बाबांना समजावायला बसलो, तर ते म्हणाले, ‘हे सारं ठीक हाय, पण सगळ्यात वाईट दिवशी कितीक जाईन, थे सांग मले.’ मी अडतीस हजार म्हटलं. तर म्हणाले, ‘तुह्या वहीत थो वाईट दिवस आला हाय का अजून?’ मला उत्तर देता आलं नाही.

आकडा बरोबर आहे का? व्हीआयएक्स (बाजाराच्या अपेक्षित चढउताराचा निर्देशांक) कमी असताना जास्त लॉट विकले तर धोका कमी असतो का? आणि मित्र म्हणतो की हा नफा शेतीच्या उत्पन्नात दाखव. ते चालतं का?

– एक वाचक, जि. वाशीम

भाऊ, नमस्कार.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते त्यांनी मागितलंय आणि तेच महत्त्वाचं आहे.

निफ्टी २४,००० वर आहे असं धरू. तुमचा पुट २३,००० चा, कॉल २४,९०० चा, दोन्हीकडे सहा लॉट, म्हणजे बाजूला ४५० नग. दोन्ही मिळून प्रीमियम, म्हणजे विकल्याचे पैसे, ९,९०० रुपये. आता यावर खरे घडलेले दिवस ठेवून पाहा. ४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस: निफ्टी ५.९३ टक्के पडून बंद झाला. तसा दिवस एक्सपायरीला आला तर मिळालेला प्रीमियम वजा करूनही तुमचे एक लाख ऐंशी हजार जातात. २३ मार्च २०२०, कोरोनाच्या लॉकडाऊनचा सोमवार: निफ्टी १२.९८ टक्के पडला. तुमचा तोटा नऊ लाख बेचाळीस हजार. म्हणजे खात्यातले नऊ लाख साफ आणि वर ब्रोकरचं देणं. आणि १८ मे २००९. त्या दिवशी बाजार पडला नव्हता, चढला होता, तोही १७.७४ टक्के. तुमचा कॉल तुम्हाला पंधरा लाखांना पडतो.

लॉट दुप्पट केले की हे सगळे आकडे दुप्पट. तेव्हा मोबदल्याच्या बावीस लाखांचं काय होईल, ते बाबांपुढे बसून तुम्हीच एकदा मांडा.

हेही आकडे मी सौम्य धरलेत. एक्सपायरीच्या दिवशी बंद भावाला जेवढा फरक उरतो, तेवढाच मोजलाय. एक्सपायरीला दोन-चार दिवस बाकी असतील तर घबराटीत ऑप्शनचा भाव त्याहून बराच वर जातो. आणि बंद भावापर्यंत तुम्हाला थांबू कोण देतो? ४ जूनला दिवसाच्या तळाला निफ्टी साडेआठ टक्के खाली होता. त्या क्षणी तुमच्या खात्यात किमान चार लाख साठ हजारांचा खड्डा दिसला असता. त्याच वेळी मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची अनामत, वाढतं, खात्यात पैसे कमी पडतात आणि ब्रोकरची यंत्रणा तुम्हाला न विचारता सौदा कापते. म्हणजे दिवसभरातला सगळ्यात वाईट भाव तुमच्या नावावर लागतो. संध्याकाळी बाजार सावरला, तरी तुमचा तोटा तळाचाच राहतो.

आता त्या अडतीस हजारांकडे येऊ.

तुमच्या मित्राचं गणित चुकलेलं नाही, त्याचा अर्थ लावताना चूक झाली. व्हॅर, म्हणजे व्हॅल्यू अ‍ॅट रिस्क, हे माप जेपी मॉर्गन बँकेनं १९९४ मध्ये आपली पद्धत सगळ्यांसाठी खुली केल्यावर जगभर पसरलं. ‘९९ टक्के व्हॅर ३८,०००’ याचा अर्थ एवढाच, की शंभरातले नव्व्याण्णव दिवस तोटा अडतीस हजारांच्या आत राहील. राहिलेल्या एका दिवशी किती जाईल, याबद्दल हा आकडा तोंड उघडत नाही. चाळीस हजार जाऊ शकतात, चार लाख जाऊ शकतात, चाळीस लाखही जाऊ शकतात. व्हॅर तिन्ही वेळा तोच राहतो. वर्षात बाजार साधारण अडीचशे दिवस चालतो. म्हणजे या आकड्याच्या स्वतःच्या बोलीनंच वर्षातून दोन-तीन दिवस तो मोडणार. ज्याला तुम्ही ‘जास्तीत जास्त’ म्हणताय, तिथून वाईट दिवस सुरू होतात.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. हा हिशोब तुमच्याच अकरा महिन्यांच्या नफा-तोट्यावर बेतलेला. अकरा महिन्यांत झाले असतील सव्वादोनशे दिवस. सव्वादोनशे दिवसांचं ९९ टक्के व्हॅर म्हणजे ते दिवस तोट्याप्रमाणे उतरत्या क्रमानं लावायचे आणि वरून दुसरा-तिसरा उचलायचा. बस्स. अडतीस हजार म्हणजे तुमच्या वहीतला दुसरा किंवा तिसरा वाईट दिवस. ऑप्शन विकणाऱ्याची वही तर नेहमीच गोड दिसते, कारण धंद्याची घडणच तशी: रोज थोडं थोडं मिळतं, आणि जायचं तेव्हा एकदम जातं. बाबांनी विचारलं की तो दिवस वहीत आलाय का. नाही आलेला. एक्सेलच्या आधी त्यांनी हे ओळखलं, आणि मला त्यांचं काही नवल वाटलं नाही. ज्यानं ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेलेलं पाहिलं आणि नवं पीक घरात येईपर्यंत तेच निम्म्यावर आलेलं पाहिलं, त्याला मागच्या अकरा महिन्यांची सरासरी दाखवून पटत नाही.

मग अशा दिवसांचं माप काढायचं कसं? यावर मोठमोठ्या बँकांनीही हात पोळून घेतले. २००८ च्या पडझडीत त्यांचे व्हॅरचे आकडे एकामागून एक मोडले. त्यानंतर बँकांसाठी जागतिक नियम आखणाऱ्या बासेल समितीनं २०१६ मध्ये बाजार-जोखमीसाठी व्हॅरऐवजी एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल हे माप ठरवलं. ते समजायला अवघड नाही. निफ्टीचे मागचे हजार दिवस घ्या, म्हणजे साधारण चार वर्षं. प्रत्येक दिवसाची टक्केवारी तुमच्या आजच्या सौद्याला लावा आणि हजार तोटे उतरत्या क्रमानं मांडा. वरून दहावा आकडा म्हणजे ९९ टक्के व्हॅर. आणि वरच्या दहांची सरासरी म्हणजे ९९ टक्के एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल. बँकांच्या नियमात ९७.५ टक्के धरतात, म्हणजे हजारातले वाईट पंचवीस दिवस. तुमच्यासारख्या दूरचे ऑप्शन विकणाऱ्याच्या बाबतीत व्हॅर आणि शॉर्टफॉल या दोन आकड्यांत मोठी दरी दिसते, कारण निफ्टी दोन-अडीच टक्के हलला तर तुमचं फारसं बिघडत नाही, पण चार टक्क्यांनंतर प्रत्येक पॉइंट ४५० रुपयांना पडतो. ती दरी तुम्ही डोळ्यांनी पाहावी, म्हणून हे एकदा करून बघाच. एनएसईच्या वेबसाइटवर निफ्टीचे जुने रोजचे भाव फुकट मिळतात.

फक्त एक बघा. तुमच्या हजार दिवसांत मार्च २०२० येतो की नाही? चार वर्षांची खिडकी पुढे सरकली की तो महिना बाहेर पडतो आणि आकडा एकाएकी शहाणा दिसायला लागतो. धोका कमी झालेला नसतो. म्हणून मी १९९२ पासूनचे दिवस वेगळे लिहून ठेवायला सांगते. २८ एप्रिल १९९२, हर्षद मेहता प्रकरण: सेन्सेक्स एका दिवसात पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास खाली. १७ मे २००४, सरकार बदललं तो सोमवार: ११ टक्क्यांहून जास्त. २१ जानेवारी २००८: सात टक्क्यांहून जास्त. २४ ऑक्टोबर २००८: जवळजवळ ११. १२ मार्च २०२०: आठच्या वर. २३ मार्च २०२०: तेराच्या वर. ४ जून २०२४: पावणेसहा. हे सगळे आकडे सेन्सेक्सचे. यादी पूर्ण नाही, पण माझ्या मुद्द्याला पुरेशी आहे.

आता हे दिवस किती दुर्मीळ मानायचे? इथे पुस्तकातलं घंटेच्या आकाराचं वक्र, जे फार मोठ्या हालचाली जवळजवळ अशक्य मानतं, सगळ्यांना फसवतं. शांत काळात निफ्टीचं रोजचं स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीपासूनची नेहमीची हालचाल) ०.८ टक्के धरलं, तर ४ जून २०२४ चा दिवस त्याच्या सातपटीहून लांब पडतो. घंटेच्या वक्राप्रमाणे असा दिवस विश्वाचं वय जेवढं सांगतात त्याहून जास्त वर्षांत एकदा यायला हवा. आपल्याकडे तर २००४, २००८, २०२० आणि २०२४ मध्ये तो आला, आणि त्यातल्या काही वर्षांत एकाहून जास्त वेळा.

ही गोष्ट पहिल्यांदा ठसठशीतपणे दाखवली ती शेअरच्या भावावरून नाही, कापसाच्या भावावरून. बेन्वा मँडेलब्रॉट नावाचा गणिती आयबीएम कंपनीत संशोधन करायचा. कापसाच्या भावाच्या नोंदी अमेरिकेत अनेक दशकांच्या सलग मिळत होत्या, म्हणून त्यानं त्या घेतल्या. १९६३ मध्ये त्यानं मांडलं, की भावातले बदल घंटेच्या वक्रात बसत नाहीत. मोठ्या उड्या आणि मोठ्या पडझडी तिथे अपेक्षेपेक्षा फार जास्त वेळा येतात. कारंज्याच्या किंवा अकोल्याच्या अडत्याला यात काही नवं वाटणार नाही. कापूस ते पिढ्यान्‌पिढ्या बघत आलेत: १८६१ ते १८६५ अमेरिकेतलं यादवी युद्ध, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव, त्या पैशावर मुंबईत शेअरचा सट्टा, आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये सगळं कोसळून पुढे बँक ऑफ बॉम्बेसकट बुडालेल्या पेढ्या.

नंतरच्या संशोधकांनी शेअर बाजारांच्या मोठ्या नोंदी तपासल्या तेव्हा एक ठोकताळा पुढे आला. त्याला घनाचा नियम म्हणतात. हलचाल दुप्पट मोठी घ्या, ती साधारण आठपट दुर्मीळ असते. म्हणजे तीन टक्क्यांच्या वर पडणारे दिवस जितके, त्याच्या आठव्या हिश्शाइतके दिवस सहा टक्क्यांच्या वर. आणि बारा टक्क्यांच्या वर चौसष्टाव्या हिश्शाइतके. घंटेच्या वक्रात, त्याच ०.८ च्या हिशोबानं, तीनवरून सहावर जाताना दुर्मीळपणा जवळजवळ तीन अब्ज पटींनी वाढतो. आठ पट आणि तीन अब्ज पट, एवढा फरक आहे. तुम्ही १२ रुपयांना पुट विकता तेव्हा या दोन्हींपैकी कुठल्या जगात आपण राहतो, यावर पैज लावता. हा नियम काही काट्यानं तोललेला नाही, बाजारानुसार थोडा इकडेतिकडे होतो. पण घंटेपेक्षा तो खऱ्याच्या फार जवळ आहे.

आणखी एक, जे एक्सेलमध्ये दिसत नाही. मोठे दिवस एकेकटे येत नाहीत, कळपानं येतात. मार्च २०२० आठवा. १२ ला आठ टक्के खाली, १३ ला सकाळीच दहा टक्के खाली जाऊन व्यवहार थांबला आणि दिवसाखेर बाजार वर बंद झाला, २३ ला तेरा टक्के खाली, ७ एप्रिलला सेन्सेक्स जवळजवळ नऊ टक्के वर. चार आठवड्यांत दोन्ही बाजूंना मार. जून २०२४ मध्येही तसंच: ३ तारखेला एक्झिट पोलवर सव्वातीन टक्के वर, ४ ला सहा खाली, ५ ला परत सव्वातीन वर. तुमच्यासारखा दोन्हीकडे विकलेला माणूस अशा वेळी पुटच्या बाजूला मार खातो, घाबरून तो तोट्यात कापतो, कॉलची बाजू जवळ ओढून ‘थोडं वसूल करू’ म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी कॉलच्या बाजूला मार खातो. हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलं आहे.

तुम्ही लिहिलं नाही, पण पुढचं वाक्य तुमच्या मनात असणार: स्टॉपलॉस (ठरलेल्या तोट्याला सौदा आपोआप कापायची सूचना) लावू ना. लावा. पण त्याला छत समजू नका. बाजार सव्वानऊला उघडतो तोच खाली उघडला, तर तुमच्या स्टॉपलॉसचा भाव ओलांडून गेलेला असतो आणि सौदा मिळेल त्या भावाला होतो. १८ मे २००९ ला तर मिनिटाच्या आत वरचं सर्किट, म्हणजे व्यवहार थांबवणारी मर्यादा, लागलं, आणि पुढे जेमतेम थोडा वेळ बाजार उघडून त्या दिवसापुरता बंदच झाला. कॉल विकलेल्यांना बाहेर पडायला दारच नव्हतं. सर्किट आपल्याकडे २००१ पासून आहे, १०, १५ आणि २० टक्क्यांवर. त्यानं दम घ्यायला वेळ मिळतो, भाव थांबत नाही. २३ मार्च २०२० ला सकाळी दहा टक्क्यांवर पाऊण तास बाजार थांबवला, उघडल्यावर तो आणखी पडला. यात खेड्यातली लाइट आणि नेटवर्कही धरा. पेरणीच्या तोंडावर दुकानात गिऱ्हाईक उभं असताना तुम्ही मोबाइलकडे किती वेळ बघणार, तेही धरा.

‘इतिहासात सगळ्यात वाईट जे झालं, त्याहून वाईट काय होणार’ असंही कुणी म्हणेल. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेतलं कच्चं तेल शून्याखाली, उणे ३७.६३ डॉलरला बंद झालं. आपल्या एमसीएक्स या कमोडिटी बाजारात त्याचा सौदा उणे २,८८४ रुपयांना निकाली निघाला. ‘शून्याच्या खाली तर जाणार नाही’ म्हणून ज्यांनी घेऊन ठेवलं होतं, त्यांच्या हिशोबात तो खाना नव्हताच.

म्हणून माझं म्हणणं असं: वाईट दिवस किती वाईट असेल हे कुठल्याच मापानं पक्कं कळत नाही, तेव्हा माप काढत बसण्यापेक्षा सौदाच असा बांधा की उत्तर तुमच्या हातात राहील. शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबीसुद्धा हेच करते. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानं तिनं एक्सपायरीच्या दिवशी विकलेल्या इंडेक्स ऑप्शनवर दोन टक्के जादा एक्स्ट्रीम लॉस मार्जिन लावलं, ते याच दूरच्या धोक्यासाठी. पण ते मार्जिन बाजाराला वाचवायला असतं, तुम्हाला नव्हे. ‘मार्जिन पुरतंय म्हणजे लॉट झेपतात’ हा समज काढून टाका.

तुम्ही विकताय त्याच्या पुढचे ऑप्शन विकत घ्या. २३,००० चा पुट १२ ला विकला, तर २२,५०० चा समजा ५ ला घ्या. २४,९०० चा कॉल १० ला विकला, तर २५,४०० चा समजा ४ ला घ्या. मग हातात येतात २२ ऐवजी १३ रुपये, म्हणजे सहा लॉटला ९,९०० ऐवजी ५,८५०. आणि बाजार तेरा टक्के पडो, सतरा टक्के चढो, एक्सपायरीला तुमचा जास्तीत जास्त तोटा दोन लाख एकोणीस हजार, दलाली आणि कर वेगळे. बाबांना सांगता येईल असा हा पहिला आकडा. खरेदी आधी करा, विक्री नंतर, आणि महागात जातंय म्हणून शेवटच्या दिवशी खरेदीची बाजू विकून टाकू नका. भलेभले तिथेच फसतात.

पण आता आकडा दिसल्यावर त्याच्याकडे नीट बघा. आठवड्याला ५,८५० मिळवायला दोन लाख एकोणीस हजार पणाला. एक वाईट आठवडा सदतीस चांगल्या आठवड्यांची कमाई नेतो. हे गणित पूर्वीही असंच होतं, किंबहुना वाईट होतं, दिसत नव्हतं एवढंच. शिवाय खरेदी जोडली की मार्जिन उतरतं आणि अ‍ॅप लगेच दाखवतं की तुम्ही आता बारा-पंधरा लॉट करू शकता. ते करायचं नाही.

मग लॉट किती? मार्जिनवरून ठरवू नका, दुकानावरून ठरवा. तुमचा खरा धंदा कृषी केंद्राचा. मे-जूनमध्ये बियाणं आणि खतं भरायला पैसा लागतो, आणि गावाची उधारी तुमच्या अंगावर असते ती दिवाळीनंतर कापूस-सोयाबीन विकल्याशिवाय येत नाही. ४ जून कुठल्या हंगामात पडला ते बघा. खात्यातले पैसे गेले असते तर त्याच आठवड्यात कंपनीच्या वितरकाला काय सांगितलं असतं? आणि मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला, त्याच दिवसांत लॉकडाऊनमुळे कापसाची सरकारी खरेदीही थांबली होती, लोकांच्या घरात कापूस पडून होता, तुमची वसुली अडकली असणार. सगळ्या बाजूंनी पैसा एकदम आटतो तो हाच दिवस. तुमच्या मित्राच्या एक्सेलमध्ये दुकानाची उधारी नाही, म्हणून तिथे हे दोन धोके वेगळे दिसतात.

माझा सल्ला विचाराल तर एक लॉट, तोही खरेदी जोडून. जास्तीत जास्त तोटा साधारण साडेछत्तीस हजार, म्हणजे योगायोगानं तुम्ही बाबांना जो आकडा सांगितला होता त्याच्या जवळ. एवढ्यात रस वाटत नसेल तर सोडून द्या, काही बिघडत नाही. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, सरासरी दोन लाखांच्या आसपास. तुम्ही उरलेल्या सात टक्क्यांत आहात असं तुम्हाला आज वाटतंय. अकरा महिन्यांवर ते ठरत नाही.

एफडीला हात लावायचा नाही. यावर चर्चाही नको. ओव्हरड्राफ्टवर बँकेचं व्याज चालू राहणार, आणि तोटा झाला तर बँक एफडीतून वळती करून घेणार. ती जमीन परत येणार नाही, तिचा एकच मोबदला आहे आणि तो बाबांच्या नावे आहे. त्यांचा होकार मिळवायला तुम्ही जो कागद दाखवणार होता, तो चुकीच्या वाचनावर उभा होता. तेव्हा आधी हा नवा हिशोब त्यांच्यापुढे ठेवा. बहुतेक तेच तुम्हाला नाही म्हणतील आणि प्रश्न मिटेल.

व्हीआयएक्सचं थोडक्यात. तो कमी असतो तेव्हा प्रीमियम कमी मिळतो, म्हणून लोक जास्त लॉट विकतात किंवा जवळची स्ट्राइक (ऑप्शनचा ठरलेला भाव) धरतात. दोन्हींनी वाईट दिवसाचा तोटा वाढतो. व्हीआयएक्स म्हणजे पुढच्या तीस दिवसांबद्दल बाजार आज काय समजतोय तो आकडा. बाजार आज निवांत आहे म्हणून उद्याचा दिवस निवांत जाईल, अशी हमी त्यात नसते. कमी व्हीआयएक्समध्ये उलट खरेदीची बाजू स्वस्त मिळते. ती घ्यायची ती वेळ.

आणि कराचं: नाही चालत. एफ अँड ओचा नफा-तोटा धंद्याच्या उत्पन्नात धरला जातो, शेतीच्या नाही. दुकानाच्या हिशोबासोबत सीएला ब्रोकरचं वर्षाचं स्टेटमेंट द्या. तोटा झाला असेल तरी विवरणपत्र मुदतीत भरा, म्हणजे तो पुढच्या वर्षांत वजा करता येतो. शेड बांधायला काढलेले पैसेही याच साडेतीन लाखांतले आहेत, तेव्हा कराची रक्कम आत्ताच बाजूला काढून ठेवा.

चालू सौदे या मंगळवारपर्यंत तसेच ठेवू नका. उद्या बाजार उघडला की दोन्ही बाजूंची खरेदी करून टाका, तीन-चार हजार जातील, जाऊ द्या. लॉट एक्सपायरीनंतर कमी करा.